अंतरपाट, अक्षता आणि एक आकडा

लग्नाच्या एखाद्या जुन्या डीव्हीडीचा हिशेब कागदावर मांडून बघा. चित्र आडवं ७२० आणि उभं ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून तीन बाइट. सेकंदाला २५ चित्रं. दोन तासांचे सेकंद ७,२००. सगळ्यांचा गुणाकार केला की साधारण २२४ जीबी होतात. आणि साध्या डीव्हीडीची क्षमता आहे ४.७ जीबी. म्हणजे कच्च्या माहितीच्या दर अठ्ठेचाळीस भागांपैकी सत्तेचाळीस भाग डिस्कवर पोचलेच नाहीत. तरीही डिस्क लावली की मंडप दिसतो, शालूची जर चमकते, कोपऱ्यात उभ्या असलेल्या आत्याच्या चेहऱ्यावरचे भाव कळतात. इतकं सगळं गेलं आणि त्याची उणीव कुणालाच भासली नाही.

या डिस्क आता फार दिवस राहणार नाहीत. राइट केलेल्या डीव्हीडीवरची माहिती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होत जातो. नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. म्हणून बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणून अनेक घरांत जुन्या डिस्कांच्या फाइली करून ठेवण्याचं काम चालू आहे. हँडब्रेकसारखं मोफत सॉफ्टवेअर उघडलं की समोर आरएफ, प्रीसेट, फ्रेमरेट, डीइंटरलेस असे खटके येतात आणि बहुतेक जण आहे ते तसंच ठेवून सुरू करतात. पण त्या प्रत्येक खटक्यामागे माणसाच्या नजरेबद्दलचं एकेक अचंबित करणारं निरीक्षण दडलेलं आहे. ते कळलं की कोणता खटका कुठे ठेवायचा हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.

त्याआधी एक काम मात्र करून घ्यावं. डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असतो आणि त्यात जास्तीत जास्त एकेक जीबीचे तुकडे केलेल्या व्हीओबी फाइली असतात. तो फोल्डर आख्खा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. ती प्रत पुसूही नका, चार-पाच जीबीची जागा आज सहज निघते. विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कांना कुलूप असतं आणि हक्कही दुसऱ्याचे असतात. मी इथे बोलतोय ते आपल्या घरच्या चित्रीकरणाबद्दल.

आता ते सत्तेचाळीस भाग गेले कुठे?

अर्धी माहिती पहिल्याच पायरीवर जाते, तीही कुणाला न कळता. आपल्या डोळ्याला उजेड आणि सावलीतले बारकावे फार नेमके दिसतात, रंगातले तितके दिसत नाहीत. म्हणून चित्राची आधी फोड करतात. उजेड किती, याची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी पूर्ण ठेवायची आणि रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच लिहायची. २२४ चे इथे ११२ जीबी झाले. डिस्कवर रंगाचं चित्र खरं तर ३६० बाय २८८ एवढंच असतं. खात्री करायची असेल तर नवरीच्या शालूचे लालभडक काठ दिसतात तिथे चित्र थांबवून स्क्रीनच्या अगदी जवळ जा. लाल रंगाची कड किंचित पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. चार फुटांवर या, पायऱ्या नाहीशा होतात.

यापुढची पायरी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. एन्कोडर, म्हणजे चित्रं दाबून फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम, प्रत्येक चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलांचे ब्लॉक पाडतो. डीव्हीडीच्या एका चित्रात ते आडवे ४५ आणि उभे ३६, म्हणजे एकूण १,६२० बसतात. मग प्रत्येक ब्लॉकसाठी तो शोध घेतो की हाच तुकडा आधीच्या चित्रात कुठे होता. सापडला तर तुकडा पुन्हा लिहायचाच नाही. ‘तिथून उचल, इतका उजवीकडे सरकव’ एवढंच लिहायचं. डीव्हीडीवरचं एमपेग-२ हे सरकणं अर्ध्या पिक्सेलपर्यंत मोजतं. आपण ज्यात फाइल करणार ते एच.२६४ पाव पिक्सेलपर्यंत मोजतं. दोन पिक्सेलांच्या मधली, कॅमेऱ्यानं कधीच न टिपलेली जागासुद्धा ते शेजारच्या पिक्सेलांवरून हिशेबानं काढतं.

आता अंतरपाटाचा प्रसंग घ्या. मंगलाष्टकं चालू आहेत, दोघांनी अंतरपाट धरलाय, पलीकडचा नवरदेव कॅमेऱ्याला दिसत नाही. शेवटचं ‘सावधान’ होतं आणि अंतरपाट उत्तरेकडे ओढला जातो. कापड सरकेल तसा त्याच्यामागचा चेहरा थोडा थोडा दिसू लागतो. आधीच्या कुठल्याच चित्रात तो चेहरा नाही. मग तो उचलायचा कुठून?

भविष्यातून. अंतरपाट पूर्ण बाजूला गेल्यावरचं चित्र एन्कोडर आधी लिहून टाकतो आणि मग मागे येऊन मधली चित्रं लिहितो. कापडाची घडी मागच्या चित्रातून घेतो, चेहरा पुढच्या चित्रातून. अशा मधल्या चित्रांना बी-फ्रेम म्हणतात. म्हणजे फाइलमधली चित्रं घडलेल्या क्रमानं लिहिलेली नसतातच. प्लेअर पुढचं चित्र आधी वाचतो, राखून ठेवतो, मधली चित्रं त्याच्या आधारानं उभी करतो आणि दाखवताना मात्र सगळं आपापल्या वेळेवर दाखवतो. दोन कुटुंबांनी श्वास रोखून पाहिलेला तो क्षण डिस्कवर उलटसुलट लिहिलेला आहे आणि आपण तो सुलटा बघतो.

फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो तेव्हाही असंच. एखाद-दोन चित्रं एकदम पांढरी पडतात. लगतच्या चित्रावरच विसंबून राहायचं तर फ्लॅशनंतरचं चित्र पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागेल. एच.२६४ ला तशी सक्ती नाही. ते आधीची सोळापर्यंत चित्रं हाताशी ठेवू शकतं. फ्लॅशचं चित्र ओलांडून त्याच्या मागच्या चित्रातून तुकडे उचलतं.

तरीही प्रत्येक ब्लॉकमध्ये थोडा फरक उरतोच, आणि तो लिहिण्याच्या कामात आपल्याकडच्या लोकांचा मोठा वाटा आहे. बेंगळुरूत जन्मलेले आणि तिथेच इंजिनिअरिंग शिकलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ च्या सुमारास त्यांना सुचलं की चित्राचा तुकडा पिक्सेलांच्या यादीऐवजी कोसाइन लाटांची बेरीज म्हणून लिहिता येईल. संशोधनासाठी त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. कल्पना फारच सोपी आहे, असं काही परीक्षकांना वाटलं आणि निधी मिळाला नाही. अहमद थांबले नाहीत. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि चेन्नईच्या गिंडी कॉलेजात शिकलेले त्यांचे मित्र के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी १९७४ च्या जानेवारीत या कल्पनेवरचा लेख प्रसिद्ध केला. आज मोबाइलवर येणारा जेपीईजी फोटो, डीव्हीडी आणि एच.२६४ या सगळ्यांच्या मुळाशी ती ‘फारच सोपी’ कल्पना आहे.

ती चालते अशी. आठ बाय आठ पिक्सेलांचा कोणताही तुकडा ६४ ठरलेल्या नक्ष्यांची बेरीज म्हणून मांडता येतो. पहिली नक्षी सपाट असते, तुकड्याची सरासरी सांगणारी. पुढच्या नक्ष्या जाड पट्ट्यांच्या, मग बारीक, मग आणखी बारीक पट्ट्यांच्या. प्रत्येक नक्षी किती प्रमाणात घ्यायची याचा एकेक आकडा. इथपर्यंत काहीच हरवलेलं नाही, ६४ पिक्सेलांचे ६४ आकडे झाले एवढंच. पण खऱ्या जगातल्या चित्रांत बहुतेक वजन पहिल्या काही आकड्यांत गोळा होतं आणि बारीक पट्ट्यांचे आकडे शून्याच्या आसपास घुटमळतात.

समजा अशा एका तुकड्यात सुरुवातीचे आकडे आले १८७, उणे ४३, १२, ३, उणे २. एन्कोडर त्यांना एका संख्येनं भागतो आणि जवळच्या पूर्णांकाला पूर्ण करतो. १६ नं भागलं तर उरतात १२, उणे ३, १, ०, ०. प्लेअर हे परत १६ नं गुणतो: १९२, उणे ४८, १६, ०, ०. पहिले तीन बरेचसे जुळले, शेवटचे दोन कायमचे गेले. शून्यं लिहायला जवळपास काहीच जागा लागत नाही, त्यामुळे बचत प्रचंड होते. भाजक लहान घेतला तर कमी हरवतं आणि फाइल फुगते. भाजक मोठा घेतला तर त्वचेचा पोत, जरीची वीण, केसांतला गजरा असं बारीक पट्ट्यांत राहणारं सगळं आधी जातं आणि सपाट चौकोन दिसू लागतात.

आरएफ नावाचा तो खटका मुळात हा भाजक ठरवतो. तुम्ही निवडता तो आकडा म्हणजे किती विसरण्याची परवानगी देताय त्याचं माप. एच.२६४ मध्ये ही पट्टी ० ते ५१ अशी आहे आणि तिची रचना सुरांच्या सप्तकासारखी आहे. मध्य षड्जाकडून तार षड्जाकडे गेलं की कंपनसंख्या दुप्पट होते, तसं इथे सहा घरं पुढे गेलं की भाजक दुप्पट. एकेका घरानं तो साधारण बारा टक्क्यांनी वाढतो. म्हणून १८ आणि १९ मधला फरक सहसा नजरेला दिसत नाही. १८ आणि २४ मधला दिसतो आणि फाइलही ढोबळमानानं निम्मी होते. डीव्हीडीच्या आकाराच्या चित्रासाठी हँडब्रेकवाले १८ ते २२ सुचवतात. मी घरच्या चित्रीकरणाला १८ देतो, त्याहून कमी विसरायची गरज मला कधी दिसली नाही. डिस्क बनताना एकदा विसरणं झालेलंच आहे, आपण दुसऱ्यांदा विसरतोय, तर हात राखून विसरावं. एक लक्षात असू द्या, हे आकडे एच.२६४ चे आहेत. एच.२६५ निवडलंत तर तिथल्या १८ चा अर्थ वेगळा असतो.

पुष्कळ जण आकड्याऐवजी फाइलचा आकार किंवा बिटरेट ठरवतात. लग्नाच्या बाबतीत ते का फसतं, हे अक्षतांनी कळतं. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी शेकडो दाणे एकाच वेळी हवेत उडतात. प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा, आकार दोन-तीन पिक्सेलांचा, आणि पुढच्या चित्रात तो दाणा भलतीकडेच. कोणताही ब्लॉक मागच्या किंवा पुढच्या चित्रात शोधून सापडत नाही. एन्कोडरपुढे याहून अवघड प्रसंग क्वचितच येतो. दर सेकंदाला ठरावीकच बिट मिळणार असतील, तर नेमका हा क्षण चौकोनांनी भरून जातो, आणि जेवणाच्या पंगतीवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याला तेवढेच बिट विनाकारण मिळत राहतात. आरएफ दिलात तर यंत्र पंगतीत वाचवतं आणि अक्षतांवर खर्च करतं. फाइल शेवटी किती मोठी होईल हे आधी कळत नाही, आणि कळायची गरजही नाही.

त्यातही एक्स२६४ हा मुक्त एन्कोडर जे करतो ते पाहून मी थक्क होतो. तो पुढची चाळीसेक चित्रं आधी चाळून बघतो आणि प्रत्येक ब्लॉकबद्दल अंदाज बांधतो की याच्यातून पुढे किती चित्रं उचल घेणार आहेत. मागचा झालरीचा पडदा पुढे कितीतरी वेळ तसाच राहणार, म्हणजे आज त्याच्यात चूक राहिली तर ती प्रत्येक चित्रात पुन्हा पुन्हा उमटेल. त्याला तो भरपूर बिट देतो. उडणारा दाणा पुढच्या चित्रात त्या जागी नसणारच, त्यातली चूक जन्मतःच संपली. त्याला तो हात आखडून देतो. आणि आपला डोळाही वेगानं हलणाऱ्या गोष्टीतले बारकावे टिपत नाही, त्यामुळे हा दुजाभाव कुणालाच दिसत नाही.

आता सगळ्यांत जास्त दुर्लक्षित खटका: डीइंटरलेस. भारतात घरच्या चित्रीकरणाची डीव्हीडी सहसा पाल पद्धतीची, सेकंदाला २५ चित्रांची. पण त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यानं पूर्ण चित्र एका क्षणी टिपलेलंच नाही. त्यानं आधी एकाआड एक ओळी टिपल्या आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या ओळी. म्हणजे दर सेकंदाला ५० वेगवेगळे क्षण, प्रत्येकी २८८ ओळींचे. हार घालायला वर गेलेला हात जिथे दिसतो तिथे संगणकावर चित्र थांबवा. हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतील. एकमेकांत विणलेले दोन क्षण आहेत ते. नेहमीच्या डीइंटरलेसनं रेघा जातात, पण ५० क्षणांचे २५ उरतात. फुगडी, वरातीतला नाच, धावणारी मुलं यांची गती त्यानं किंचित अडखळते. हँडब्रेकमध्ये त्याच यादीत ‘बॉब’ नावाचा पर्याय आहे. तो निवडून फ्रेमरेट ५० राहू दिला की सगळे क्षण सुटे होऊन परत मिळतात. हालचाल एकदम तलम होते, जुन्या टीव्हीवर दिसायची तशी. फाइल मात्र दुप्पट होत नाही, कारण शेजारशेजारच्या क्षणांत फरक थोडाच असतो आणि उचल घेण्याचं काम एन्कोडरला उत्तम येतं. घरच्या चित्रीकरणाला हे केलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सिनेमाच्या डिस्कवर मात्र हा खटका बंद ठेवायचा. सिनेमा सेकंदाला २४ पूर्ण चित्रांचा असतो आणि पाल डिस्कवर तो सहसा २५ च्या वेगानं पळवलेला असतो. त्यामुळे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि वेगळी दुरुस्ती केली नसेल तर गाण्यांची पट्टीही थोडी चढते.

बाकीचे निर्णय पटकन होतात. चित्र मोठं करू नका. १९२० बाय १०८० मध्ये डीव्हीडीच्या बरोबर पाचपट पिक्सेल असतात, म्हणजे पाचातले चार यंत्राला कल्पनेनं भरावे लागतील, आणि ते काम टीव्ही दाखवताना करतोच. ७२० बाय ५७६ चं प्रमाण ना जुन्या टीव्हीचं ना नव्या. पिक्सेल किंचित ताणून दाखवायचे अशी सूचना फाइलमध्येच असते, ती जशी आहे तशी राहू द्या, नाहीतर माणसं बुटकी किंवा किडकिडीत दिसतात. संध्याकाळच्या चित्रीकरणात दाणेदार खरखर असते आणि तीही अक्षतांसारखीच बेभरवशाची, म्हणून ती बिट खाते. ती पुसायचा मोह होतो. अगदी हलकी पुसा, कारण आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि खरखर यांतला फरक फिल्टरला कळत नाही. सनई-चौघड्याचा आवाज पुन्हा दाबू नका. एमकेव्ही फाइल करून तो मूळ रूपातच उचला, चित्राच्या मानानं त्याला जागा थोडीच लागते. आणि दोन तासांचं काम लावण्याआधी अक्षता आणि अंतरपाटाची दोन मिनिटं तेवढी करून बघा. तिथे चित्र टिकलं तर बाकी सगळीकडे टिकेल.

राहता राहिला प्रीसेट. ‘अल्ट्राफास्ट’पासून ‘व्हेरीस्लो’पर्यंतच्या या यादीत यंत्रानं शोध किती कसून घ्यायचा ते ठरतं: किती जुन्या चित्रांत बघायचं, ब्लॉक किती प्रकारे कापून पाहायचा, किती पुढचं चाळायचं. विसरण्याचं माप आरएफनं ठरतं, प्रीसेटनं त्या मापात किती हुशारीनं लिहायचं ते. मी ‘स्लो’ लावून संगणक रात्रभर चालू ठेवतो. त्यानं प्लेअरवर मुद्दाम वेगळं काही सोसायची वेळ येत नाही, आणि यामागचं कारण मला एच.२६४ च्या साऱ्या रचनेतली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. हे मानक २००३ साली प्रसिद्ध झालं, पण फाइल कशी बनवावी हे त्यात सांगितलेलंच नाही. तयार फाइल कशी वाचायची, तेवढंच त्यात काटेकोरपणे ठरवलेलं आहे. बनवणाऱ्यानं शोध कसा घ्यावा, कुठे खर्च करावा, कुठे वाचवावं याला पूर्ण मोकळीक. म्हणून जगभरचे लोक एक्स२६४ वर वर्षानुवर्षं काम करत राहिले. पुढची चित्रं चाळून ब्लॉकची किंमत ठरवण्याची ती युक्ती त्यात आली २००९ साली. आणि त्याच्या तीन-चार वर्षं आधी विकत घेतलेला, एच.२६४ वाचणारा एखादा जुना प्लेअरसुद्धा, त्याला झेपणाऱ्या प्रोफाइलमध्ये केलेली आजची फाइल काहीही न बदलता दाखवतो. त्याला मिळणाऱ्या सूचना त्याच जुन्या आहेत: तिथून उचल, इतका सरकव, या नक्ष्या इतक्या मिसळ.